६५,५३६ ओळींची वेस

१/ ऑक्टोबर २०२०. इंग्लंडमध्ये कोविडची दुसरी लाट चढत असताना उघडकीस आले की १५,८४१ बाधित अधिकृत आकडेवारीतून गळले आहेत. ना दप्तर जळाले होते, ना संगणकावर हल्ला झाला होता. तक्ता एका फाइल-प्रकारातून दुसऱ्यात नेताना हे घडले. #थ्रेड

२/ प्रयोगशाळांकडून येणारा तक्ता सीएसव्ही प्रकारातला होता: साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामांनी विलग. आयबीएमच्या फोरट्रान कंपायलरला ही पद्धत १९७२ मध्येच ठाऊक होती. तिचे नियम आरएफसी ४१८० या दस्तऐवजात आले ते २००५ साली. या प्रकाराला ओळींची मर्यादा नाही.

३/ एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकाराला मात्र ती आहे. ओळींच्या क्रमांकासाठी १६ बिट, म्हणून एका पानावर ६५,५३६ ओळी. २००७ च्या एक्सएलएसएक्सने ही वेस १०,४८,५७६ ओळींपर्यंत नेली.

४/ पब्लिक हेल्थ इंग्लंड २०२० मध्येही जुनाच साचा वापरत होती. एका रुग्णामागे अनेक ओळी लागत. त्यामुळे एका फाइलीत सुमारे १,४०० रुग्णच मावत. उरलेले मुकाट्याने वगळले गेले.

५/ २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले हे रुग्ण. त्यांना स्वतःचे अहवाल मिळाले होते. परंतु त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध लांबला. साथीत हेच दिवस मोलाचे असतात.

६/ याच कामासाठी आज अनेकजण पायथनमधील ‘पांडाज’ वापरतात. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एक्यूआर या गुंतवणूक संस्थेत तिची सुरुवात केली. एकच तक्ता एकेका आज्ञेने सीएसव्ही, एक्सेल, जेसन किंवा पार्के प्रकारात उतरवता येतो. तक्ता एक्सेलच्या पानाहून मोठा असेल, तर ती ओळी गाळत नाही. चूक दाखवून थांबते.

७/ तरीही सारे प्रश्न सुटत नाहीत. सीएसव्हीत मजकूर कोणता आणि तारीख कोणती, याची नोंद नसते. ती एक्सेलमध्ये उघडताच ‘सेप्ट२’ या जनुकाची २ सप्टेंबर होई. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने माघार घेतली. ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’ झाले.

८/ बखरीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून ओळ सुटते, हे गृहीत धरून संशोधक दोन प्रती शेजारी ठेवतो. इंग्लंडमध्ये मूळ फाइल आणि नकलेतील रुग्णसंख्या रोज ताडून पाहिली असती, तर ही गळती पहिल्याच दिवशी दिसली असती.

(समाप्त)