बंपरमधले भोक

जुनी लँड रोव्हर समोरून पाहिली की पुढच्या बंपरच्या मध्यावर एक गोल भोक दिसते. नटबोल्टसाठी ते फार मोठे आहे. त्यातून एक लांब लोखंडी दांडा आत सरकवला की तो थेट इंजिनापर्यंत जातो आणि क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या खाचेत अडकतो. गाडीला हँडल मारण्यासाठी ठेवलेले हे भोक आहे. लँड रोव्हर लोकांनी प्रथम पाहिली ती 30 एप्रिल 1948 रोजी, अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात. त्या गाडीत विजेचा स्टार्टर होताच, आणि ब्रिटिश गाड्यांत तो रुळून तेव्हा वीसेक वर्षे उलटली होती. मोटारींच्या इतिहासाची पुस्तके बहुधा एका वाक्यात सांगतात की 1912 साली सेल्फ-स्टार्टर आला आणि हँडल गेले. बंपर सांगतो की गेले नाही. दोन साक्षी जुळत नसतील तर मधले कागद एकेक करून पाहायला हवेत.

पहिला कागद 1909 चा, लंडनमध्ये निघालेले ‘द वूमन अँड द कार’ हे पुस्तक. लेखिका डोरोथी लेव्हिट शर्यतीत गाड्या चालवत असे. गाडी सुरू कशी करायची, हे ती वाचणाऱ्या बायकांना नीट समजावते. हँडल आत दाबा, खाचेत बसल्याचे हाताला कळेल. मग झटक्याने वर ओढा, दाबाचा अडसर ओलांडला की लगेच सोडून द्या. खाली मात्र कधीही दाबू नका. सेल्फ नव्हता तोवर बायका गाडी चालवू शकत नव्हत्या, या नेहमीच्या विधानाला हे पुस्तक चांगलाच छेद देते. अर्थात साक्षीदार तटस्थ नाही. नेपियर गाड्या विकणाऱ्या सेल्विन एज यांच्याशी लेव्हिटचे व्यावसायिक नाते होते, म्हणजे गाडी चालवणे सोपे आहे असे सांगण्यात तिचा फायदा होता. पण ‘खाली दाबू नका’ हा इशारा जाहिरातीला मारकच आहे, आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो.

इशाऱ्यामागचे कारण यांत्रिक आहे. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि हँडल मागे फिरते. वर ओढणाऱ्या हाताची बोटे अशा वेळी आपोआप सुटतात. दाबणाऱ्याच्या मात्र मनगटावरच तो झटका बसतो. याच कारणाने अंगठा दांड्याला वेढा न देता बाकी बोटांच्याच बाजूला ठेवत. मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडण्याच्या एका प्रकाराला वैद्यकाच्या पुस्तकांत आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. अपघातांची एखादी यादी सापडली नाही तरी इजेच्या नावाला ज्या धंद्याचे नाव चिकटले, त्या धंद्यात ती किती सामान्य असावी याचा अंदाज त्यावरून करता येतो. हा अंदाजच आहे, मोजणी नव्हे.

विजेच्या स्टार्टरचा पहिला मागमूस मात्र लेव्हिटच्या पुस्तकाच्याही तेरा वर्षे आधी लागतो. केंट परगण्यातल्या ईस्ट पेकमच्या अर्नोल्ड कंपनीने बेंझच्या धर्तीवर मोटारी बांधल्या. त्यांपैकी एका गाडीला 1896 साली एच. जे. डाउझिंग या विद्युत अभियंत्याने फ्लायव्हीलला जोडलेले विजेचे यंत्र बसवले. वर्णने सांगतात की ते इंजिन सुरू करी आणि चढावर गाडीला हातभारही लावी. ‘जगातला पहिला विद्युत स्टार्टर’ असा मान या गाडीला अनेकदा दिला जातो. माझ्या मते ‘पहिला’ या शब्दापेक्षा ‘चढावर हातभार’ हा तपशील जास्त बोलका आहे. डाउझिंगच्या डोक्यात फक्त स्टार्टर नव्हता, इंजिनाला विजेची सोबत द्यायची होती. जो हेतू मुख्य नव्हता, त्याची परंपरा पुढे चालली नाही यात नवल नाही.

परंपरा सुरू झाली ती अमेरिकेत. चार्ल्स केटरिंगचे अमेरिकन पेटंट क्रमांक 1,150,523 याच्यावर 17 ऑगस्ट 1915 ही तारीख आहे. पेटंटवर विसंबणाऱ्या वाचकाची इथे फसगत होते, कारण कॅडिलॅकच्या 1912 च्या गाड्यांत हा स्टार्टर बसून आला होता. अर्ज 1911 चा, मंजुरी चार वर्षांनी. केटरिंगने आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत विजेवर चालणारा गल्ला तयार केला होता. क्षणभरच चालायची मोटर तिच्या ताकदीपलीकडे ताणली तरी जळत नाही, हे तो तिथे शिकला होता. पूर्ण वेळ इंजिन फिरवू शकेल एवढी मोठी मोटर लागेल असे इतरांना वाटत होते. त्याने छोटी मोटर वापरली.

ब्रिटनला याची खबर नव्हती असे म्हणता येत नाही. लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने 1908 साली ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर तीन कॅडिलॅक खोलून, त्यांचे भाग एकत्र मिसळून पुन्हा जुळवायला लावल्या होत्या आणि त्या चाचणीसाठी कंपनीला ड्यूअर करंडक दिला होता. त्याच क्लबने 1912 चा करंडक पुन्हा कॅडिलॅकलाच दिला, तो विजेचा स्टार्टर आणि दिवे यांसाठी. म्हणजे ब्रिटनच्या सर्वात प्रतिष्ठित मोटर संस्थेच्या दप्तरी हा शोध तपासून, मान्य होऊन नोंदलेला होता. तरीही रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर तो नेमाने दिसू लागतो 1919 पासून. मधल्या सात वर्षांतली बरीचशी महायुद्धाने खाल्ली हे उघड कारण, पण पुरते नाही. ज्याच्या दाराशी पगारी शोफर उभा आहे, त्याचा स्वतःचा हात हँडलला लागतच नव्हता.

स्वस्त गाड्यांची कथा वेगळी, आणि इथे कागद अधिक नेमके आहेत. बुलनोज मॉरिसवर ल्यूकस कंपनीचा ‘डायनमोटर’ असे. इंजिनाशी साखळीने जोडलेले एकच यंत्र सुरुवातीला मोटर म्हणून इंजिन फिरवी आणि मग डायनमो होऊन बॅटरी भरी. आवाज कमी, पण एकाच यंत्राकडून दोन कामे घेताना दोन्हीकडे तडजोड. ऑस्टिन सेव्हन 1922 साली बाजारात आली ती स्टार्टरशिवाय. 1923 च्या अखेरीस तो बसवला गेला. त्या छोट्या गाडीत शोफर बसायला जागाच नव्हती, त्यामुळे मालकालाच हँडल मारावे लागे. मला वाटते, स्टार्टर ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने रुजला तो इथे, रोल्स-रॉइसमध्ये नव्हे.

डायनमोटरनंतर बेंडिक्सची पद्धत पसरली. मोटरच्या दांड्यावर आटे, त्या आट्यांवर सैल बसलेली दातेरी पिनियन. बटण दाबताच दांडा एकदम फिरतो. पिनियन जडत्वामुळे मागे राहते, आट्यांवरून सरकत फ्लायव्हीलच्या दात्यांत घुसते आणि इंजिन फिरवते. इंजिन सुरू होताच फ्लायव्हील तिच्यापेक्षा वेगाने फिरून तिला परत फेकते. वेगळी कळ नाही, लिव्हर नाही. पण दात अडकले तर? उत्तर वर्कशॉप मॅन्युअलमध्ये आहे. ल्यूकसच्या स्टार्टरच्या मागच्या टोकाला एक लहान टोपी असते, तिच्याखाली दांड्याचे टोक चौकोनी घासलेले असते. टोपी काढा, पाना लावा, फिरवा, पिनियन सुटेल. पुढची सूचना आट्यांना तेल लावू नये अशी. तेलाला धूळ चिकटते आणि पिनियन सरकत नाही. रॉकेलने धुवावे. कारखान्याने दोष मान्य करून त्याच्यासाठी यंत्राला एक चौकोनी टोक दिले, याहून प्रामाणिक दस्तऐवज मला ठाऊक नाही.

बटण, ओढायची खुंटी, किल्ली हा क्रमही वायरिंगच्या नकाशातून उलगडतो. स्टार्टरला लागणारा प्रवाह इतका मोठा की त्याची केबल बोटाएवढी जाड. ती डॅशबोर्डपर्यंत आणणे गैरसोयीचे. म्हणून मॉरिस मायनर, एमजीए अशा गाड्यांत खुंटी ओढली की एक तार बॉनेटखालचा जाड स्विच दाबे. सोलेनॉइड, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, आला तशी हातातल्या कळीला बारीक वायर पुरू लागली आणि किल्लीतच स्टार्टर बसवता आला.

आता पुन्हा भोकाकडे. मॅन्युअलमध्ये हँडल कुठे कुठे येते हे पाहत गेले की एक गोष्ट ध्यानात येते. गाडी सुरू करण्याइतकेच ते व्हॉल्व्हची फट जुळवायच्या प्रकरणात भेटते. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट मोजायची, सातवा उघडा असताना दुसऱ्याची. बेरीज नेहमी नऊ. त्यासाठी इंजिन हाताने, जरा जरा फिरवावे लागते. थंडीत बॅटरी बसली की हँडल उपयोगी पडतच होते, पण मेकॅनिकच्या हातात ते मोजमापाचे अवजार झाले होते. लँड रोव्हर विकली जाई शेतकऱ्याला आणि लष्कराला, गॅरेजपासून दूर राहणाऱ्यांना. भोकाचे कारण मला इथे सापडते.

आणि हँडल गेले कधी? एकच तारीख द्यायची तर मी 1959 देईन, पण स्टार्टरमुळे नव्हे. अ‍ॅलेक इसिगॉनिसच्याच मॉरिस मायनरमध्ये असलेले ए-सिरीज इंजिन त्याने त्या वर्षी मिनीत आडवे बसवले. क्रँकशाफ्टचे टोक गाडीच्या पुढे न येता बाजूला, चाकाकडे गेले. हँडल घालायला सरळ वाटच उरली नाही. स्टार्टर मात्र अजून जुन्याच, जडत्वाच्या पद्धतीचा होता. मिनीची बॅटरी मागे डिकीत होती, म्हणून तिची जाड केबल जमिनीलगत पुढे येई, आणि सुरुवातीच्या गाड्यांत स्टार्टरचे बटणही पुढच्या दोन सीटांमध्ये, जमिनीवरच असे.

स्टार्टर सुधारला तो नंतर. 4.2 लिटरच्या जॅग्वार ई-टाइपमध्ये 1964 साली आणि एमजीबीत 1967 च्या अखेरीस नवा प्रकार आला. सोलेनॉइड आधी पिनियन दात्यांत सरकवतो, ती बसली की मगच मोटरला प्रवाह सोडतो. आदळून घुसणे संपले. एमजीबीत त्याच वेळी डायनमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि मंद चालणाऱ्या इंजिनावरही बॅटरी भरू लागली. म्हणजे हँडलची गरज संपवणाऱ्या सुधारणा आल्या, त्याआधीच मिनीतून हँडल गेले होते.

आपल्याकडे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्यात बनलेल्या अँबॅसडरसोबत हँडल आले, आणि सेल्फ हा शब्दही गॅरेजमध्ये रुळला. ‘सेल्फ घेत नाही’ असे मेकॅनिक अजून म्हणतो. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा पहिला अर्धा भाग मराठीने ठेवून घेतला आहे. इंग्लंडमध्ये नेमका तोच गळला. तिथे त्याला नुसते ‘स्टार्टर’ म्हणतात.