‘डिसअफेक्शन’ : एका उपसर्गाचा खटला

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला चोरी, फसवणूक, मारामारी यांचे इंग्रजी शब्द लवकर उमगतात. कृत्य डोळ्यांपुढे असते. ‘डिसअफेक्शन’चे तसे नाही. हा मनातल्या भावनेशी जोडलेला गुन्हा. 1870 साली तो 124 अ कलमाने दंडसंहितेत शिरला, पण त्याचा अर्थ मराठी मुलखाला कळला तो सप्टेंबर 1897 मध्ये, मुंबई हायकोर्टात.

‘केसरी’च्या 15 जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून टिळकांवर हा खटला झाला. अंक निघून आठवडा होतो न होतो तोच पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की, डिसअफेक्शन म्हणजे प्रीतीचा अभाव. आणि द्वेष, वैर, तिरस्कार हेही त्यातच घातले. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष. शिक्षा 18 महिने सक्तमजुरी.

सारा घोळ एका उपसर्गाचा. ‘डिस’ अभाव दाखवतो की विरोध? ‘डिसीज’ म्हणजे काही नुसता आरामाचा अभाव नव्हे. कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ खटल्यात 1891 साली सरन्यायाधीश पेथेरम यांनी प्रीतीच्या विरुद्ध भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा अर्थ दिला होता. आपल्याकडे हा भेद जुनाच. संस्कृत वैयाकरण नकाराचे सहा अर्थ सांगतात. अभाव आणि विरोध त्यांत वेगवेगळे. ‘अमित्र’ म्हणजे ज्याच्याशी मैत्री नाही तो नव्हे, शत्रू. टिळकांसारख्या संस्कृतज्ञाने आरोपीच्या पिंजऱ्यात हा पाठ ऐकावा, यात मला क्रूर गंमत वाटते.

प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांची बाजू पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ॲस्क्विथ यांनी मांडली. ‘अभाव’ या अर्थावरच त्यांचा हल्ला होता. अपिलाची परवानगी मिळाली नाही. 1898 साली सरकारने कलमच सुधारले : डिसअफेक्शनमध्ये राजनिष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना येतात. सरकारच्या उपायांवर नापसंती दाखवायला मुभा होती, मात्र तिने द्वेष, तुच्छता वा डिसअफेक्शन चेतता कामा नये. नापसंती कुठे संपते, हे कलमाने सांगितले नाही.

मराठीत या शब्दाला कायद्याने ‘अप्रीती’ असा प्रतिशब्द दिला. पोलिसांत अशी भावना चेतवण्याविरुद्धच्या 1922 च्या कायद्याच्या मराठी नावात तो भेटतो. त्यातला ‘अ’ कोणता, हा प्रश्न तिथेही तसाच.