टाकलेले मूल आणि आशेचा आधार : मराठी कथात्म वाङ्मयातील एका प्रतिमेचा विचार

परित्यक्त अर्भकाची प्रतिमा भारतीय कथापरंपरेत फार प्राचीन आहे. पेटीत घालून नदीत सोडलेला कर्ण आणि जन्मतःच वनात टाकलेली, कण्वांच्या आश्रमात वाढलेली शकुंतला ही तिची सर्वपरिचित उदाहरणे होत. दोन्ही कथांत मूल टाकले जाते, कोणीतरी परका त्याला उचलतो आणि वाचलेले मूल पुढील इतिहासाचे कारण ठरते. मात्र या कथांतील आशा कुलाशी बांधलेली आहे. मूल कोणाचे, हे उघड होण्यावर त्याचे भाग्य अवलंबून असते. शकुंतलेची ओळख पटते, म्हणून भरताचा वंश उभा राहतो. कर्णाची ओळख फार उशिरा पटते, म्हणून त्याची कथा शोकान्त होते.

ओळखीवर विसंबलेली ही आशा आधुनिक काळात कशी बदलली, हे पाहण्यासाठी कल्पित वाङ्मयाआधी एका वास्तव घटनेकडे वळणे आवश्यक आहे. १८६३ मध्ये पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेने आपले नवजात अर्भक मारल्याचे उघडकीस आले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. याच वर्षी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. मलबारींच्या टिपणावर १८८४ मध्ये लिहिलेल्या अभिप्रायात जोतीरावांनी या गृहाचा हिशेब दिला आहे. तोपर्यंत पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाच मुले जिवंत होती आणि तीस दगावली होती. गर्भावस्थेतच दिल्या गेलेल्या विषारी औषधांच्या इजेमुळे ती दगावल्याचे त्यांनी नमूद केले आहे. पस्तिसांत पाच हे प्रमाण लक्षात घेतले, म्हणजे ‘आशेचे प्रतीक’ हा शब्दप्रयोग किती जपून करावा लागतो, हे ध्यानात येते.

याच गृहात जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो यशवंत. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला आपला वारस केले. पुढे यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंचा १० मार्च रोजी मृत्यू झाला, तेव्हा त्या कार्यात तो त्यांच्यासोबत होता. या मुलाचे मूळ कुळ शोधून काढण्याची गरज कोणालाच वाटली नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. आशेचा आधार रक्तावरून संगोपनावर सरकला, तो या घरात.

या काळातील वाङ्मयाने मात्र मुलापेक्षा मातेकडे अधिक लक्ष दिले. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचा विषय विधवांची दुःस्थिती हा आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये प्रथम फाशीची शिक्षा झाली. त्या प्रकरणावरील चर्चेने क्षुब्ध होऊन ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहिली. मूल टाकणाऱ्या वा मारणाऱ्या स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करताना तिच्या सहभागी पुरुषाला कोणी का विचारत नाही, हा त्यांचा प्रश्न पुढील सर्व चर्चेच्या मुळाशी आहे.

१९६७ हे वर्ष या संदर्भात विशेष ठरते. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक त्याच वर्षी प्रथम रंगभूमीवर आले. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबरच कुंतीही निवेदक आहे, म्हणजे मूल सोडणाऱ्या मातेला स्वतःचा आवाज लाभला. रणजित देसाई यांनी १९७३ मध्ये आपल्या कादंबरीला ‘राधेय’ हे नाव दिले. जन्मदात्रीऐवजी पालनकर्त्या मातेवरून आलेल्या या नावातच संगोपनाचा स्वीकार आहे. तेंडुलकरांच्या नाटकात मूल अजून जन्मलेलेच नाही. लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर खेळातल्या न्यायालयात भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि शेवटी तेच न्यायालय तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा निकाल देते. आरोप आणि निकाल यांतील ही विसंगती १८६३ च्या वास्तवाचेच दुसरे रूप आहे. मूल जगावे अशी इच्छा येथे केवळ बेणारेची उरते.

मराठीच्या सीमेपलीकडेही हा प्रश्न याच वळणांनी गेलेला दिसतो. म्हैसूर जिल्ह्यातील बेट्टदपुर हे संकेती ब्राह्मणांच्या वस्तीचे एक जुने गाव. त्या समाजाच्या आख्यायिकेत नाचारम्मा या विदुषीचा अपमान झाला आणि तिच्यामागून निघालेली कुटुंबे या भागात स्थिरावली. येथे अव्हेरलेली व्यक्ती ही नव्या वस्तीचा आरंभ ठरते. याच जिल्ह्यातील नंजनगूड आणि म्हैसूर यांच्या पार्श्वभूमीवर एस. एल. भैरप्पा यांनी ‘वंशवृक्ष’ (१९६५) लिहिली. पुनर्विवाह करणारी कात्यायनी आपला मुलगा सासऱ्यांकडे सोडते. वंशशुद्धीचा अभिमान बाळगणारे श्रीनिवास श्रोत्री यांना शेवटी स्वतःचाच जन्म वंशाबाहेरचा असल्याचे कळते. कुलाची ओळख हाच आधार मानणारी आशा येथे तिच्या अत्यंत निष्ठावान उपासकाच्या हातून निसटते.

या सर्व कृतींचा एकत्र विचार केल्यास एक सावधगिरी सुचते. टाकलेल्या मुलाला आशेचे प्रतीक म्हटले, की त्याला टाकायला लावणारा समाज सहज सुटतो. मूल वाचले, मोठे झाले, कर्तृत्ववान निघाले, एवढ्यावर समाधान मानले जाते. तीस मुले दगावली आणि पाच जगली, असा हिशेब देणाऱ्या जोतीरावांनी ते समाधान स्वतःला घेऊ दिले नाही. जगलेल्या मुलांइतकीच न जगलेल्यांचीही मोजदाद त्यांनी केली. मराठी कथात्म वाङ्मयातील या प्रतिमेचे मूल्यही याच कसोटीवर ठरते: कर्णासाठी हळहळताना ती कुंतीला बोलू देते की नाही, आणि बेणारेचा निकाल ऐकताना न्यायासनावर बसलेल्यांकडे पाहण्यास वाचक-प्रेक्षकाला भाग पाडते की नाही. आशा मुलात असते असे म्हणण्यापेक्षा ती त्याला उचलणाऱ्या हातांत असते, असे म्हणणे या इतिहासाला अधिक धरून आहे.