पिंपरी-चिंचवडमधील वृक्षतोड व छाटणीची परवानगी

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडण्यासाठी अथवा त्याच्या फांद्या छाटण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार पूर्वपरवानगी घ्यावी लागते. झाड खासगी अंगणात, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात किंवा कारखान्याच्या कुंपणाआत असले, तरी मालकीमुळे ते तोडण्याचा अधिकार मिळत नाही. हा निर्णय महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या कक्षेत येतो; महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात.

अधिनियमातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. झाड कापण्याबरोबरच ते जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही तीत समावेश होतो. त्यामुळे छाटणीच्या नावाखाली सर्व फांद्या उतरवून नुसता बुंधा उभा ठेवणे किंवा मुळाशी रसायन ओतणे, हीदेखील वृक्षतोडच ठरू शकते. विनापरवाना वृक्षतोड हा दंडनीय अपराध आहे.

अर्ज आल्यानंतर वृक्ष अधिकारी जागेची पाहणी करतात. वृत्तपत्रात जाहीर सूचना दिली जाते आणि तोडावयाच्या झाडावरही सूचना चिकटवली जाते. हा कागद क्षुल्लक वाटतो. परंतु परिसरातील रहिवाशांना हरकत घेण्याची संधी बहुधा त्याच्यामुळेच मिळते. झाड मृत, रोगग्रस्त किंवा जीवितास धोकादायक असल्याचे प्राधिकरणाचे मत झाल्यास परवानगी नाकारली जात नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी रोपे लावण्याची अटही तेव्हाच आली. म्हणजे ४० वर्षांच्या एका झाडापोटी ४० रोपे. त्या दुरुस्तीनुसार वारसा वृक्षांचे, तसेच २०० किंवा त्याहून अधिक झाडे तोडण्याचे प्रस्ताव तेव्हा राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवावे लागत असत.

चाकण नगरपरिषदेची हद्द नागरी क्षेत्रात मोडते. तिच्या पलीकडील ग्रामीण भागात मात्र महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. त्याचे निर्बंध साग, चंदन, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच अशा अनुसूचित प्रजातींपुरतेच आहेत. चिंचवडच्या नावातील दोन झाडांपैकी चिंच या सूचीत आहे, वड नाही.