गच्चीवरचे पाणी

इतिहासाच्या पुस्तकांत इमारतींना दर्शनी भाग असतो, दालने असतात, क्वचित तळघरही असते. गच्ची मात्र नसते. मराठी वाचकाला गच्ची म्हटली की 'बटाट्याच्या चाळी'तील रहिवाशांचा गच्चीसाठीचा लढा आठवेल, आणि तो आठवावाच. परंतु मोठ्या व्यापारी इमारतींच्या गच्च्यांवर विसाव्या शतकात जी वातानुकूलन यंत्रे येऊन बसली, त्यांच्याविषयी लिहावे असे साहित्यिकांनाच काय, इतिहासकारांनाही फारसे वाटलेले दिसत नाही. यंत्र चालू आहे तोवर त्याला इतिहास नसतो. त्याच्यामुळे माणसे मरू लागली की ते एकाएकी चौकशी अहवालांत आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत अवतरते. त्यांतील काही प्रकरणांची हकीकत येथे मांडावयाची आहे. आम्ही अभियंते नव्हेत, मराठी शिकवणारी माणसे आहोत. तरीही कागद कसे वाचावेत हे थोडेबहुत आम्हाला कळते, एवढ्याच अधिकारावर हे धाडस.

प्रथम यंत्राविषयी थोडे. घरातील खिडकीच्या किंवा भिंतीवरच्या 'एसी'शी या कथेचा संबंध नाही. मोठ्या इमारतीत आतली उष्णता पाण्यात उतरवून ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये नेतात. तेथे ते जाळीदार थरांवरून खाली झिरपते, पंखा हवा ओढतो, थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेले थंड होऊन परत खाली येते. या खटाटोपात पाण्याचे अतिसूक्ष्म तुषारही हवेबरोबर बाहेर पडतात. ते अडवण्यासाठी पट्ट्या असतात, पण त्या जागच्या जागी आणि धड असाव्या लागतात. पाणी कोमट, त्यात धूळ, गंज, क्षार आणि चिकट शेवाळी थर. हे पाणी वेळोवेळी काढून टाकावे लागते, त्यात जंतुनाशक सोडावे लागते, टाकी घासावी लागते. या कामात कौतुक करण्याजोगे काही नाही. ते नीट झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याला बातमीमूल्य नसते.

जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी, आणि ज्या फिलाडेल्फियात तो जाहीरनामा झाला तेच शहर. 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे पेनसिल्व्हेनिया राज्याचे अधिवेशन २१ ते २४ जुलै या काळात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या १९०४ सालच्या भव्य हॉटेलात भरले. मंडळी आपापल्या गावी परतली आणि काही दिवसांतच तापाने, न्यूमोनियाने आजारी पडू लागली. अधिवेशनाशी संबंधित १८२ जणांना हा आजार झाला, त्यांपैकी २९ दगावले. शिवाय ३९ माणसे अशी होती की ती अधिवेशनाला नव्हतीच. ती हॉटेलच्या आसपास किंवा समोरच्या ब्रॉड स्ट्रीटवर वावरलेली होती. त्यांच्यातले पाच जण गेले. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आजार होतो, ही गोष्ट आज आम्हाला साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते. त्या वेळी ती कोडे होऊन बसली.

तर्कांना ऊत आला. ही स्वाइन फ्लूचीच सुरुवात, असे प्रथम वाटले, आणि या भीतीच्या छायेतच देशव्यापी लसीकरणाच्या कायद्यावर अध्यक्ष फोर्ड यांची सही ऑगस्टमध्ये झाली. मग निकेलच्या विषबाधेचा संशय आला, घातपाताची कुजबुज झाली. नोव्हेंबरात हॉटेलला टाळे लागले, रोगामुळे नव्हे तर बदनामीमुळे गिऱ्हाईक आटले म्हणून. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रात जोसेफ मॅकडेड यांनी डिसेंबरच्या अखेरीस, पूर्वी पाहून बाजूला ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि १८ जानेवारी १९७७ रोजी जिवाणू सापडल्याचे जाहीर झाले. नेहमीच्या रंगद्रव्यांना तो नीट दाद देत नव्हता, नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढत नव्हता. म्हणून इतके महिने तो डोळ्यांसमोर असून दिसला नाही. १९७९ साली त्याचे बारसे झाले : 'लेजिओनेला न्यूमोफिला'.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी या नावापाशी क्षणभर थांबावे असे आम्हाला वाटते. नावाचा उत्तरार्ध म्हणजे 'फुप्फुसप्रिय'. पूर्वार्ध मात्र बळी पडलेल्यांचा आहे. रोगाला रोग्यांचे नाव मिळाले. हॉटेलचे नाही, यंत्राचे नाही, देखभालीत राहिलेल्या उणिवेचे तर नाहीच नाही. प्रत्यक्षात फिलाडेल्फियाच्या त्या गच्चीवरच्या पाण्यात हा जिवाणू सिद्ध करता आला नाही. संशय बळकट राहिला, पुरावा अपुरा. प्रचलित कथनात म्हणूनच नायक प्रयोगशाळेत आहे आणि गच्ची धूसर आहे. ही कथा शोधाची म्हणून सांगितली जाते. ती तितकीच, किंबहुना अधिक, घासायच्या राहून गेलेल्या टाक्यांची आहे, असे आमचे मत आहे.

या मताला आधार मिशिगन राज्यातील पाँटियाक गावाचा. तेथे १९६८ च्या जुलैत एका कार्यालयातील १४४ माणसे तापाने फणफणली होती. कोणी मरण पावले नाही. चौकशीला आलेले अधिकारीही आजारी पडले! वातानुकूलन यंत्रणेतील दोषामुळे बाहेर टाकायचे तुषार आत येणाऱ्या ताज्या हवेतच मिसळत होते, एवढे तेव्हा कळले होते. जिवाणूचे नाव कळायला १९७७ उजाडले, जपून ठेवलेले जुने नमुने तपासल्यावर. ते कार्यालय कोणाचे होते म्हणाल, तर जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे.

आता इंग्लंडकडे वळू. बॅरो-इन-फर्नेस हे वायव्य किनाऱ्यावरचे जहाजबांधणीचे गाव. तेथील 'फोरम २८' हे नगर परिषदेच्या मालकीचे कलाकेंद्र : नाटके, गाणी, समारंभ. म्हणजे आपल्याकडचे नगरपालिकेचे नाट्यगृहच म्हणा ना. २००२ च्या उन्हाळ्यात या केंद्राच्या वातानुकूलन यंत्रातून बाहेर पडणारे तुषार शेजारच्या वर्दळीच्या बोळात उतरत राहिले. त्या बोळातून लोक बाजाराला जात, कामाला जात. सुमारे १८० जण आजारी पडले, सात जण मेले. नाटकाला जाण्याचीही गरज नव्हती. जवळून चालत जाणे पुरेसे होते.

चौकशीत जे बाहेर आले त्यात गूढ असे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ते फिलाडेल्फियापेक्षा अस्वस्थ करणारे आहे. या वेळी जिवाणू ठाऊक होता, त्याच्या सवयी ठाऊक होत्या, ब्रिटनमध्ये १९९२ पासून कूलिंग टॉवरची सूचना स्थानिक प्राधिकरणाला देण्याचे बंधनही होते. (येथे मालक आणि स्थानिक प्राधिकरण एकच, हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.) पाण्यावर प्रक्रिया करण्याचे काम देखभालीच्या करारातून सुटले होते. धोक्याच्या सूचना दिल्या गेल्या होत्या, त्यांवर कृती झाली नव्हती. कोणी कोणाला काय सांगायचे हे ठरलेले नव्हते. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना एक कलम गळाले, एवढीच घटना. या सात मृत्यूंमागे द्वेष, लोभ, कट यांपैकी काही शोधू जाल तर हाती लागणार नाही.

सदोष मनुष्यवधाचा आरोप एका सार्वजनिक संस्थेवर ठेवला जाण्याचा ब्रिटनमधला तो पहिलाच प्रसंग. न्यायालयाने परिषदेला त्या आरोपातून मुक्त केले. संबंधित विभागाच्या प्रमुख असलेल्या अधिकारी बाईही त्यातून सुटल्या. २००६ मध्ये सुरक्षाविषयक कायद्याखाली परिषदेला १,२५,००० पौंड आणि त्या बाईंना १५,००० पौंड दंड झाला. परिषदेचा दंड कुठून भरला जाणार? गावकऱ्यांच्याच करातून. बोळातून चालणारे तेच, आणि दंड भरणारेही तेच. हा न्याय झाला की नाही यावर आमच्यातच एकमत नाही. आमच्यातील एकाचे म्हणणे असे की, दोष वाटून वाटून इतका पातळ झाला की शेवटी कोणाच्याच अंगाला लागला नाही. दुसऱ्याचे म्हणणे, एकट्या बाईंच्या अंगाला तो लागला आणि कराराच्या मसुद्यावर नजर टाकणारे बाकीचे सारे अनाम राहिले. २०२३ मध्ये ती परिषदही नव्या प्रशासकीय रचनेत विलीन झाली. आता तर आरोपीही उरला नाही.

न्यूयॉर्कची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी पुनरुक्तीच आहे. २०१५ मध्ये साउथ ब्रॉन्क्समध्ये १३८ जण आजारी आणि १६ मृत्यू. उगम ऑपेरा हाउस नावाच्या हॉटेलच्या गच्चीवर. ही इमारत १९१३ साली नाट्यगृह म्हणून उघडलेली. त्यानंतर शहराने प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी, ठरावीक मुदतीने तपासणी आणि वार्षिक प्रमाणपत्र सक्तीचे केले. आणि तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात हार्लेममध्ये ११४ जणांना तोच आजार झाला, सात जण दगावले. जिवाणू जुळला तो दोन ठिकाणच्या टॉवरशी : एक हार्लेम हॉस्पिटल, आणि दुसरे एक बांधकाम. त्या बांधकामावर उभी राहत होती शहराची सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. पाँटियाकच्या कार्यालयानंतर हे वाचताना एखाद्या कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आम्ही त्याला 'योजून आणलेले' म्हणून नापास केले असते.

या सर्व प्रकरणांत एक दस्तऐवज पुन्हा पुन्हा विचारला जातो : देखभालीची नोंदवही. तारीख, पाण्याचा सामू, जंतुनाशकाचे प्रमाण, सही. वाङ्मयप्रकार म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेले नाही. बखरीपेक्षाही ती काटकसरी. विशेषणाला जागाच नाही. आणि बखरीइतकीच ती विश्वास ठेवण्यापूर्वी तपासून घ्यावी लागते. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या मधल्या सुटीत, गर्दी टाळून आम्ही तिघे त्या सभागृहाच्या गच्चीवर गेलो होतो. कूलिंग टॉवर घरघरत होता, वाऱ्याबरोबर तोंडावर गारसर शिडकावा येत होता आणि तो आम्हाला तेव्हा सुखद वाटला. शेजारच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला वही टांगलेली होती. सवयीने चाळली. महिन्याच्या तीसही दिवसांची नोंद पूर्ण होती. सगळे आकडे सारखे, सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच बसणीत केलेल्या. त्या महिन्याची अजून बाराच तारीख होती.