ताकद आणि चिवटपणा : एका पात्याची गोष्ट

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आज विमानाच्या इंजिनाबद्दल बोलणार, याचं काही जणांना नवल वाटलं असेल. पण मी या विषयाकडे आलो तो शब्दांच्या वाटेनं. वर्गात मी नेहमी सांगायचो, की दोन शब्द शेजारी राहतात म्हणून त्यांचा अर्थ एक मानू नका. 'ताकद' आणि 'चिवटपणा' ही तशीच जोडी आहे. बोलताना आपण एकाच्या जागी दुसरा सहज वापरतो. वस्तूंच्या जगात मात्र तसं चालत नाही.

ताकद म्हणजे वस्तू किती ओढ सहन करते. चिवटपणा म्हणजे तिच्यात चीर पडल्यावरही ती पुरती तोडायला किती श्रम, म्हणजे किती ऊर्जा, खर्च करावी लागते. काचवाला काय करतो आठवा. तो काच करवतीनं कापत नाही. हिऱ्याच्या कलमानं एक बारीक रेघ ओढतो, हलकासा दाब देतो आणि काच त्या रेघेवर मोडते. एवढी कडक वस्तू, पण एका ओरखड्यापुढे तिचं काही चालत नाही.

याचं कारण शोधलं ए. ए. ग्रिफिथ या तरुण इंग्रज इंजिनिअरनं. इंग्लंडात फार्नबरो इथे विमानांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती, तिथे तो काम करत होता. १९२० साली त्यानं रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला, तो पुढच्या वर्षी छापून आला. त्यानं काचेचे तंतू ओढले, एकाहून एक बारीक, आणि प्रत्येकाची ताकद मोजली. जाड काच दर चौरस इंचाला साधारण २५ हजार पौंडांना तुटत होती. इंचाच्या दहा हजाराव्या भागाहून किंचित जाड असलेला तंतू जवळजवळ ४ लाख ९० हजार पौंडांपर्यंत गेला. काच तीच आणि ताकद वीसपट!

ग्रिफिथचं म्हणणं असं, की काच मुळात दुबळी नाही. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. ओढ त्या चिरेच्या टोकाशी गोळा होते. चीर पुढे सरकताना ताणातून जेवढी ऊर्जा सुटते, ती नवा पृष्ठभाग तयार करायला पुरली, की मग चीर थांबत नाही. बारीक तंतूत मोठ्या चिरेला जागाच नसते, म्हणून तो बळकट. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आजही या शास्त्राचा पाया आहे.

आता पुढचा प्रश्न. असे बळकट तंतू मिळाले, पण नुसत्या तंतूंचं पातं होत नाही. ते कशात तरी बसवावे लागतात. म्हणून रेझिन आलं, आपल्या भाषेत राळ म्हणा. तंतू आणि राळ मिळून जे होतं ते संमिश्र, म्हणजेच कॉम्पोझिट. गंमत बघा, काचेचा तंतू ठिसूळ, कडक झालेली राळही ठिसूळच. दोन ठिसूळ वस्तू एकत्र करून चिवट वस्तू कशी होते?

उत्तर बांबूत आहे. ओला बांबू गुडघ्यावर मोडून पाहा. तो खडूसारखा सरळ आडवा तुटत नाही. उभा चिरतो, त्याच्या कामट्या निघतात, आणि तुमचा दम जातो तरी तो लोंबकळत राहतो. आडवी निघालेली चीर धाग्यांमधल्या नाजूक जोडापाशी येते आणि उभी वळते. १९६४ साली जॉन कुक आणि जे. ई. गॉर्डन यांनी याचं गणित मांडलं. चिरेच्या टोकापुढे एक ताण चिरेच्याच दिशेनंही काम करत असतो. तो मुख्य ताणाच्या साधारण एक पंचमांश असतो. वाटेतला जोड त्याहून कमजोर असेल, तर चीर पोहोचण्याआधीच तो उघडतो. चीर त्या फटीत शिरते आणि तिचं धारदार टोक बोथट होतं.

म्हणजे जोड जरा कच्चा हवा! अगदी कच्चा ठेवला तर थर सुटून येतात. फार पक्का केला तर चीर तंतू, राळ, पुन्हा तंतू असं करत काचेत जावी तशी आरपार जाते. सुरुवातीच्या कार्बन तंतूंच्या बाबतीत हाच पेच आला. त्यांचा पृष्ठभाग राळेला नीट धरत नव्हता. म्हणून तो रासायनिक प्रक्रियेनं खडबडीत, पकड घेणारा केला. पकड वाढली तसे थर घट्ट झाले, पण पदार्थ ठिसूळपणाकडे झुकला. इथे एक गुण वाढवला की दुसऱ्याचा हिशेब द्यावा लागतो.

या पार्श्वभूमीवर आपली गोष्ट. बळकट कार्बन तंतू करण्याची रीत १९६० च्या दशकात त्याच फार्नबरोत तयार झाली. रोल्स-रॉइसनं त्या तंतूंपासून 'हायफिल' नावाचं साहित्य केलं. १९६८ च्या मार्चमध्ये लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ इंजिनाचा करार झाला. पुढच्या मोठ्या पंख्याची पाती हायफिलची करायची ठरली. धातूपेक्षा हलकी, लांबीच्या दिशेनं अतिशय बळकट. फिरत्या पात्याला मुख्य ओढ लांबीच्याच दिशेनं बसते, तेव्हा निवड चुकीची म्हणता येणार नाही.

पण आकाशात पक्षी असतात. १९७० साली चाचणीत फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी वेगानं मारली गेली, आणि पाती फुटली. धडक लांबीच्या दिशेनं येत नाही, बाजूनं येते. बाजूच्या धडकेला थरांना धरून ठेवणारी असते ती मुख्यतः राळच. ताकद एका दिशेला होती, चिवटपणा दुसऱ्या दिशेला हवा होता.

४ फेब्रुवारी १९७१ ला रोल्स-रॉइसनं दिवाळं जाहीर केलं. तेव्हापासून 'एका कोंबडीनं कंपनी बुडवली' असा किस्सा सांगतात. इतिहासाच्या दृष्टीनं तो अर्धवट आहे. किंमत करारात आधीच बांधून दिलेली होती, आणि विकासाचा अंदाजे खर्च साडेसहा कोटी पौंडांवरून सतरा कोटींवर गेला होता. शिवाय टायटॅनियमच्या पात्यांचं काम पर्याय म्हणून आधीपासूनच चालू होतं. पात्यांचं अपयश हे कारणांपैकी एक होतं, एकमेव नव्हे. पुढे सरकारनं कंपनी ताब्यात घेतली, निवृत्त इंजिनिअर परत कामावर आले (आम्हा निवृत्तांना हे ऐकायला बरं वाटतं), आणि १९७२ मध्ये टायटॅनियमची पाती घेऊन ते इंजिन प्रवासी सेवेत आलं. ग्रिफिथ स्वतः १९३९ ते १९६० रोल्स-रॉइसमध्येच होता. ही परीक्षा बघायला मात्र तो उरला नव्हता. १९६३ मध्ये तो वारला.

मग कल्पनाच खोटी होती का? नाही. १९९५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचं जीई-९० इंजिन सेवेत आलं, त्याच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंचीच होती. फरक दोन ठिकाणी होता. राळ आता चिवट केलेली इपॉक्सी होती, आणि धडक जिथे आधी बसते त्या पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी होती. जुन्या कल्पनेला चिवटपणा मिळायला पाव शतक लागलं.

माझी आजी भिंत सारवायच्या मातीत भुसा कालवायची. लहानपणी मला वाटायचं, माती कमी पडते म्हणून भर घालते. आता कळतं, की माती वाळून तडकायला लागली की ते काड्यांचे तुकडे दोन्ही काठ धरून ठेवतात, ओढले जातात, घासत घासत सुटतात, आणि तेवढ्यात तडा दमतो. आजीला ग्रिफिथ ठाऊक नव्हता. पण भेग पडणारच, हे धरून चालायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' हे कौतुकानं म्हणतात. माणसाबद्दल ते खरं असेल, त्यावर पुन्हा कधीतरी बोलू. पण ज्या वस्तूवर माणसांचा जीव अवलंबून आहे, तिच्याबद्दल 'किती ताकद आहे' एवढं विचारून थांबू नका. 'चीर पडल्यावर काय होईल?' हेही विचारा. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.