माळ्यावरचा बिनतारी

वाळवे तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका बंद वाड्याच्या माळ्यावर लोखंडी पेटी सापडली आणि मी पोहोचेपर्यंत गावाने तिचे बारसेही उरकले होते : ‘पत्री सरकारचा बिनतारी!’ माझी उमेद लष्कराच्या सिग्नल्समध्ये गेली, म्हणून मला बोलावणे आले. खरे पाहता त्यांना तपासणी नको होती, शिक्का हवा होता.

गावाला हसण्याचे कारण नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचा हा मुलूख. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोलीजवळ पगार नेणारी आगगाडी लुटली, त्याच लुटीतली ही पेटी, असे सांगणारे तिघे जण भेटले. तिघांच्या हकिकती मात्र तीन.

धूळ पुसली. तोंडावर इंग्रजीखाली आणखी एक लिपी होती. “गुप्त लिपी!” एक पोरगा ओरडला. ती रशियन होती. हा ‘वायरलेस सेट नंबर १९’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या रणगाड्यांत हाच सेट असे. कॅनडात तयार झालेले कित्येक सेट मदत म्हणून रशियाला जात, म्हणून दोन्ही भाषा. कॅनडाची खूणही तिथेच होती : इंग्रजी ‘सी’च्या पोटात बाण. दोन ते आठ मेगासायकलपर्यंत तो बोले आणि ऐके. पण त्याला मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी लागे.

झाकण काढले. आतल्या एका भागावर १९४४ छापलेले. शेणोली तिथेच निकालात निघाली.

“मग दुसऱ्या लुटीतला असंल,” सरपंच म्हणाले.

असता, तरी भूमिगतांनी तो वापरला नसता. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू केलेला गुप्त रेडिओ नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला होता. इकडचे निरोप चालत जात, सायकलवर जात. बायाबापड्यांनी जिवावर उदार होऊन ते पोहोचवले. त्यांना पेटीची गरज नव्हती.

पण मला थांबवले ते दुसऱ्याच गोष्टीने. बोलण्याचा भाग कुणीतरी उपसून टाकला होता आणि त्या जागी घरच्या विजेवर चालणारा ट्रान्स्फॉर्मर बसवला होता. सांधे ओबडधोबड, पण पक्के. युद्धानंतर असले सेट भंगारात स्वस्त मिळत. हौशी माणसे त्यांचा रेडिओ करीत.

ओट्यावर वाड्याच्या आजी बसल्या होत्या, कुलूप उघडायला मुंबईहून आलेल्या. मी ट्रान्स्फॉर्मर दाखवला.

“ते मामंजींनी बसवलं,” त्या म्हणाल्या. “पासष्टात हे लढाईवर व्हते. मामंजी रातभर कानाला लावून बसायचे. बातमी आली की मला खुणेनं सांगायचे, सासूबाई जाग्या हुतील म्हणून.”

“आजी, मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“मला कुणी इचारलंच न्हाई.”

सरपंच गप्प झाले. मग आजींनी विचारले, “आता लागंल का वो?”

मी खुंटी फिरवून पाहिली; गंजून घट्ट बसली होती. तबकडीवर सहा आणि सात यांच्या मधोमध पेन्सिलीची बारीक रेघ होती.